आखडलेल्या तोंडाची कुळकथा

दंतरुग्णालयाच्या ओपीडीत एक चाचणी होते, तिला कसलंही यंत्र लागत नाही. डॉक्टर सांगतात, तीन बोटं जोडून उभी धरा आणि वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघा. निरोगी माणसाची तिन्ही आत जातात. माझ्या भाच्याची दोन गेली, तिसरं अडलं. वय 24. तोंड उघडत नाही ही त्याची तक्रार नव्हतीच. मिसळ खाताना फार आग होते, जीभ चटकन पोळल्यासारखी वाटते, एवढंच सांगून तो आला होता. केसपेपरवर डॉक्टरांनी 'ओएसएमएफ' लिहिलं आणि पुढे एक आकडा, 22 मिमी.

घरी आल्यावर त्यानं कागद माझ्यापुढे धरला. "मामा, मला आहे काय नेमकं?"

चार अक्षरांत तीन शब्द आहेत. ओरल सबम्युकस फायब्रोसिस. पहिला सोपा, तोंडाचा. दुसऱ्यातला 'सब' म्हणजे खाली, आणि म्युकस म्हणजे चिकट, ओलसर स्राव. गालाच्या आतून जीभ फिरवली की जे मऊ, ओलं अस्तर लागतं, त्याचं म्युकोसा हे नाव ह्या ओलेपणावरूनच पडलं. मराठी पुस्तकं त्याला श्लेष्मल त्वचा म्हणतात, तिथेही श्लेष्म म्हणजे तोच चिकट ओलावा. तिसऱ्या शब्दातला 'फायब्रा' म्हणजे धागा. तेव्हा तोंडाच्या अस्तराखाली धागे माजणं, असा हा आजार. गोधडीत मऊ लुगडी भरायची तिथे कुणी सुतळी भरत गेलं तर ती गोधडी जशी घडी घालायला नकार देईल, तसा गाल ताणायला नकार देतो. डॉक्टरांनी भाच्याच्या गालात बोट घालून फिरवलं तेव्हा त्यांना उभ्या दोऱ्या लागल्या. केसपेपरवर त्याचंही नाव होतं: बँड. अस्तराचा गुलाबी रंग जाऊन ते संगमरवरासारखं पांढुरकं दिसत होतं, त्यापुढे लिहिलं होतं ब्लांचिंग.

हे सगळं मी त्याला सांगितलं. त्याचा पुढचा प्रश्न होता, "पण हे झालं कशानं?" आणि माझ्या लक्षात आलं की नावात ह्याचं उत्तर नाही. आजार कुठे आहे ते नाव सांगतं, काय झालंय तेही सांगतं. कशामुळे, ह्याबद्दल ते गप्प आहे. सिलिकोसिस म्हटलं की सिलिकाची धूळ समोर उभी राहते, अॅस्बेस्टोसिसमध्ये अॅस्बेस्टॉस बसलेलं असतं. ह्या नावातून मात्र कारण गळलं आहे. ते का गळलं, ह्याची एक मोठी गोष्ट आहे आणि तिच्यातला बराचसा भाग आपल्या मुंबईत घडलेला आहे.

तोंड न उघडण्याला मराठीत जुना शब्द आहे, दातखीळ. दाराला आतून खीळ बसावी तशी जबड्याला बसते. डॉक्टर ह्याच अवस्थेला ट्रिसमस म्हणतात आणि तो शब्द ग्रीक आहे, मूळ अर्थ दात करकर वाजणं. एकाच दुखण्याकडे ग्रीकांनी कान लावला आणि आपल्या माणसांनी खीळ पाहिली. मला आपला शब्द अधिक नेमका वाटतो, कारण माणसाला जाणवतं ते अडकणं. पण दातखीळ बसते ती एकदम. धनुर्वातात बसते, अक्कलदाढेभोवतीची हिरडी सुजली की बसते, आणि कारण गेलं की बहुधा सुटते. भाच्याच्या तोंडाला खीळ बसली नव्हती. ते तीनेक वर्षं रोज थोडं थोडं आखडत आलं होतं आणि त्याला कळलंही नव्हतं. ह्या सावकाश आखडण्याला आपल्या भाषेत वेगळं नाव पडलंच नाही.

डॉक्टरांच्या जगात त्याला पहिलं नाव मिळालं ते 1952 मध्ये. श्वार्ट्झ नावाच्या दंतवैद्यानं केनियातल्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडांत हे पाहिलं आणि त्या वर्षी लंडनच्या आंतरराष्ट्रीय दंतपरिषदेत मांडलं. त्यानं दिलेलं नाव लॅटिनमध्ये होतं, अॅट्रोफिया इडिओपॅथिका ट्रॉपिका म्युकोसे ओरिस. त्यातला एकेक शब्द उलगडून बघण्यासारखा आहे. अॅट्रोफिया म्हणजे झिजणं, पोषण तुटणं. म्युकोसे ओरिस म्हणजे तोंडाचं अस्तर. मधले दोन शब्द मात्र आजाराचं वर्णन करत नाहीत, ते वर्णन करणाऱ्याबद्दल सांगतात. इडिओपॅथिक हा वैद्यकातला जुना शब्द, ग्रीक 'इडिओस' म्हणजे स्वतःचा. जो आजार आपला आपण उद्भवतो, म्हणजेच ज्याचं कारण ठाऊक नाही, त्याला हे विशेषण लावतात. आणि ट्रॉपिका म्हणजे उष्ण कटिबंधातला. कारण माहीत नाही, पण गरम देशातली माणसं आहेत, एवढंच त्या नावात नोंदलेलं आहे. घरापासून समुद्रापार गेलेल्या त्या पाच जणी आपल्याबरोबर काय चघळायला घेऊन गेल्या होत्या, ह्याला नावात जागा नव्हती.

दुसऱ्याच वर्षी, 1953 मध्ये, मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी कान-नाक-घशाच्या भारतीय नियतकालिकात हाच आजार मांडला. त्यांनी टाळू आणि घशाच्या कमानींत तो पाहिला होता, म्हणून त्यांचं नाव पडलं टाळूचा आणि कमानींचा सबम्युकस फायब्रोसिस. आज जगभर जे नाव चालतं त्याचा कणा इथे आहे. जोशींनी हवामान काढून टाकलं, अज्ञात कारणही काढून टाकलं, आणि बोटाला जे लागतं ते लिहिलं: अस्तराखाली तंतू. मला हे नाव श्वार्ट्झच्या नावापेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतं. जे ठाऊक नाही त्याच्यासाठी त्यांनी उसना शब्द आणला नाही.

तरी 'इडिओपॅथिक' लगेच गेला नाही. 1954 मध्ये तैवानमध्ये सू यांनी ह्याला तोंडाचा इडिओपॅथिक स्क्लेरोडर्मा म्हटलं. तैवानमध्येही लोक सुपारी खातात, हे आज वाचताना डोळ्यांत भरतं. 1962 मध्ये पुन्हा एका लेखात टाळूचा इडिओपॅथिक फायब्रोसिस असं नाव आलं. दहा वर्षं वेगवेगळ्या देशांतले डॉक्टर एकाच आखडलेल्या तोंडात बघत होते आणि कारणाच्या जागी तोच कोरा शब्द लिहीत होते.

मुंबईत मात्र कारणाचा शोध सुरू झाला होता. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि डॉ. सत्यवती सिरसाट काम करत होते. खानोलकर हे भारतातल्या विकृतिशास्त्राचे आद्य पुरुष, सिरसाट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पेशी वाचणाऱ्या. त्यांचा पहिला संशय होता मिरचीवर. संशय रास्त होता, कारण रुग्णाला पहिल्यांदा झोंबतं ते तिखटच. 1960 मध्ये त्यांनी आहार बदललेल्या उंदरांच्या टाळूला मिरचीतलं तिखट द्रव्य, कॅप्सेसिन, लावून तंतू तयार होतात का ते तपासलं. पुढे हा संशय टिकला नाही. मेक्सिकोत, दक्षिण अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या मिरची खातात, मिरची तिथलीच. तिथल्या लोकांची तोंडं अशी आखडत नाहीत. मिरचीनं होते ती आग. ही आग होते कारण अस्तर आधीच पातळ झालेलं असतं, म्हणजे मिरची फक्त चहाडी करते. माझ्या भाच्याच्या बाबतीतही मिसळीनं तेवढंच केलं.

तोवर 1956 मध्ये टाटा स्मारक रुग्णालयातल्या डॉ. पेमास्टर यांनी गालाच्या कर्करोगाच्या 650 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता, आणि ह्या आखडलेल्या तोंडांत पुढे कर्करोग उगवतो असं त्यात नोंदवलं होतं. इथून हा आजार नुसता गैरसोयीचा राहिला नाही, धोक्याचा झाला. किती धोक्याचा, ह्याचं सर्वांत जास्त सांगितलं जाणारं उत्तर केरळातून आलं. एर्नाकुलमच्या रुग्णांचा 17 वर्षं पाठपुरावा झाला आणि त्यांतल्या 7.6 टक्क्यांना कर्करोग झाला, असं 1985 मध्ये प्रसिद्ध झालं. शंभरात सात-आठ. हा आकडा मी भाच्याला सांगितला. लपवला असता तर पुढचं काहीच त्याला पटलं नसतं.

1966 मध्ये डेन्मार्कचे पिंडबोर्ग आणि आपल्या सिरसाट यांनी मिळून एक व्याख्या लिहिली आणि 'ओरल सबम्युकस फायब्रोसिस' हे नाव कायमचं बसलं. हळूहळू, नकळत वाढणारा, जुनाट. तोंडाच्या कुठल्याही भागाला, कधी घशालाही धरणारा. अस्तराजवळ आधी दाह, मग खालच्या थरात तंतू, मग ताठरपणा आणि शेवटी तोंड उघडेना, खाता येईना. साठ वर्षं होऊन गेली तरी विद्यार्थी हीच व्याख्या पाठ करतात. ती चांगली आहे. पण तिच्यातही कारण नाही, कारण तोवर ते सिद्ध झालेलं नव्हतं.

सुपारीवरचा दोष पक्का व्हायला ऐंशीचं दशक उजाडलं. आपल्या घरात सुपारी काय आहे हे आठवलं की हा उशीर मला तरी समजतो. पूजेत मूर्ती नसेल तर सुपारीचा गणपती मांडतात. लग्न ठरलं की सुपारी फुटते. कोकणात पोफळीची बाग ही दोन पिढ्यांची कमाई असते, श्रीवर्धनचा रोठा नावानं मागून घेतात. जेवण झाल्यावर आजी अडकित्त्यानं कातरून हातावर ठेवते ती वस्तू कुणाला अपराधी वाटेल?

तिच्या नावांचं कुळही जुनं आहे. संस्कृतात पूगफल. तेच प्राकृतातून घासत घासत आपलं पोफळ झालं. तेच पश्चिमेकडे जाऊन अरबीत फौफल झालं. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं 1563 मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधींच्या पुस्तकात सुपारीवर जो संवाद लिहिला, त्याचं शीर्षक ह्या अरबी नावानंच आहे. युरोपात मात्र दुसरं नाव गेलं. मल्याळममधलं अडक्क पोर्तुगीजांच्या तोंडी अरेका झालं, आणि एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी सुपारीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं तेव्हा त्याचं नाव ठेवलं अरेकोलिन.

हे अरेकोलिनच गुन्हेगार निघालं. अस्तराखाली धागे विणणाऱ्या पेशी असतात, फायब्रोब्लास्ट. एरवी त्या जखम भरण्यापुरतं कोलॅजन विणतात, जुनं विरघळतं, नवं येतं. अरेकोलिन त्यांना जास्त विणायला लावतं. सुपारीतला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, त्या कोलॅजनला असं पक्कं करतो की ते विरघळेना. चामडं कमावताना नेमकं हेच करतात. आणि सुपारीत तांबं बरंच असतं. धाग्याला धागा सांधणारं जे विकर आहे ते तांब्यावर चालतं. विणणं वाढलं, उसवणं थांबलं, गाठी पक्क्या झाल्या. ह्या तिन्ही गोष्टी सुपारीत आहेत. तंबाखूची त्यांत गरज नाही.

हे शेवटचं वाक्य मी भाच्याला दोनदा सांगितलं. कारण त्यानं मला मोठ्या विश्वासानं सांगितलं होतं, "मामा, मी तंबाखू कधीच खाल्ली नाही. नुसती सुगंधी सुपारी." कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून, दिवसाला चार-पाच पुड्या. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी हटकलं नाही, मीसुद्धा नाही. तंबाखू नाही म्हटल्यावर आम्ही निश्चिंत होतो. त्याचं मला फार वाईट वाटतं.

आमचीच चूक झाली असंही नाही. 1985 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं विड्याचा विचार केला तेव्हा तंबाखूचा विडा कर्करोगकारक ठरवला आणि बिनतंबाखूच्या विड्याबद्दल पुरेसा पुरावा नाही असं म्हटलं. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढच्या ग्रंथात निर्णय बदलला: बिनतंबाखूचा विडाही कर्करोगकारक, आणि नुसती सुपारीही, थेट पहिल्या गटात. मधल्या एकोणीस वर्षांत आपल्याकडे सुपारीचं रूपच पालटलं. विड्यात पान असतं, ते कुजतं, ताजं लावावं लागतं. पुडीतली सुपारी कोरडी, वजनाला हलकी, खिशात मावणारी, शाळेच्या फाटकाशी एक-दोन रुपयांत मिळणारी. 1996 मध्ये हैदराबादला झालेल्या एका अभ्यासात दोन्ही प्रकारच्या खाणाऱ्यांची तुलना केली होती. विडा खाणाऱ्यांना हा आजार जडायला सरासरी साडेआठ वर्षांवर लागली होती, पानमसाला खाणाऱ्यांना तीनहूनही कमी. म्हणून आजोबांच्या विड्याचा दाखला नातवाच्या पुडीला देता येत नाही.

महाराष्ट्रानं जुलै 2012 मध्ये गुटखा आणि पानमसाला यांवर बंदी घातली. पण विदर्भात खर्रा हातानं घोटून मिळतो आणि इकडे मावा, आणि दोन्हींत सर्वांत जास्त असते ती सुपारीच. तोंडाला मात्र पुडी आणि खर्रा ह्यांत फरक कळत नाही.

जाता जाता एक खुलासा करायला हवा, कारण दंतवैद्यकाच्या लेखांत तो दावा फार फिरतो. सुश्रुताला हा आजार माहीत होता आणि त्यानं त्याला विदारी म्हटलं आहे, असं म्हणतात. सुश्रुतानं मुखरोग 65 मोजले आहेत आणि त्यांत गळ्याच्या रोगांत विदारी येते, हे खरं. पण तिथलं वर्णन आहे आग, टोचणी, तांबूस सूज आणि सडून गळणारं मांस. माणूस ज्या कुशीवर झोपतो त्या बाजूला ती जास्त होते, असंही तो सांगतो. आपल्या आजारात मांस सडत नाही, गळत नाही. उलट ते कमावल्यासारखं टणक होतं. आजाराला प्राचीन कुळ चिकटवून त्याचा मान वाढत नाही आणि सुश्रुताचाही नाही.

तपासणीचे आणि उपचारांचे शब्द भाच्याच्या कागदावर खालच्या बाजूला होते. बायोप्सी: ग्रीक 'बायोस' जीवन, 'ऑप्सिस' बघणं, जिवंत तुकडा काढून बघणं. हा शब्द 1879 मध्ये बेनिए ह्या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञानं घडवला. बायोप्सी म्हटलं की माझी बहीण रडायलाच लागली. आपल्याकडे त्या शब्दाचा अर्थच कर्करोग असा झाला आहे. तो अर्थ नाही. बायोप्सी म्हणजे प्रश्न, उत्तर नंतर येतं. भाच्याचं उत्तर आलं तंतू, कर्करोग नाही.

तोंड 15 मिलिमीटरच्याही खाली आलं तर शस्त्रक्रियेशिवाय सहसा निभावत नाही. मुंबईच्या खन्ना आणि अँड्राड यांनी 1995 मध्ये शंभर रुग्णांवरून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या आणि कुठल्या पायरीला काय करायचं ते मांडलं. आजही तो लेख तोंडाचे सर्जन हाताशी ठेवतात. शस्त्रक्रियेत गालातल्या दोऱ्या कापतात. लागलं तर कोरोनॉइडेक्टॉमी करतात. ऐकायला भयंकर, पण आत एक कावळा बसलेला आहे: ग्रीक 'कोरोने' म्हणजे कावळा, आणि खालच्या जबड्याच्या वरच्या टोकाचं हाड कावळ्याच्या चोचीसारखं वाकलेलं, म्हणून कोरोनॉइड. तिथे जबडा मिटणारा स्नायू चिकटतो. चोच काढली की त्याची ओढ सुटते. कापलेल्या जागेवर झाकण घालायला गालातलीच चरबी ओढून घेतात, तिला बिशाची चरबी म्हणतात. 1732 मध्ये जर्मन सर्जन हाइस्टर यानं ती पाहिली होती, पण त्याला ती ग्रंथी वाटली. ती चरबी आहे हे 1802 मध्ये फ्रान्सच्या बिशानं ओळखलं आणि नाव त्याचं राहिलं. हाइस्टरचं नाव वेगळ्या वाटेनं ह्याच रुग्णांपाशी परत आलं आहे. दातांमध्ये घालून स्क्रू फिरवत जबडा उघडायचं जे लोखंडी साधन ओपीडीत असतं, त्याला हाइस्टर म्हणतात.

भाच्याला तूर्त शस्त्रक्रिया सांगितलेली नाही. गालात इंजेक्शनं, तिखट बंद, सुपारी बंद आणि व्यायाम. विणलेले धागे सुपारी सोडल्यावर उसवत नाहीत, पण नवे विणणं थांबतं, आणि ताण देत राहिलं तर जागा थोडी वाढते. सोडणं त्याला जड गेलं, अजून जातं. पहिले पंधरा दिवस तो चिडचिडा होता, रात्री झोप नव्हती. अरेकोलिन मेंदूलाही धरतं; ह्यात मनाचा कमकुवतपणा नाही हे त्याच्या आईला मी समजावून सांगितलं.

व्यायामाला त्याला आइस्क्रीमच्या काड्या सांगितल्या आहेत. लाकडी, चपट्या, एकीची जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास. एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, पाच मिनिटं तशाच ठेवायच्या, दिवसातून पाच वेळा, आणि जमेल तेव्हा मध्ये एक सरकवायची. पहिल्या दिवशी अकरा बसल्या होत्या. बावीस मिलिमीटर, केसपेपरवरचा आकडा अगदी जुळला. काल रात्री जेवणानंतर त्यानं मला स्वयंपाकघरात बोलावलं. तोंडात काड्या असल्यानं बोलता येत नव्हतं, म्हणून त्यानं आधी दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली, आणि मग तीन.